स्थानिक नाटकासाठी किशोरवयीन कलाकारांची निवड चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील हौशी नाट्यसंस्था, वस्त्यांमधील मंडळे, शाळांचे माजी विद्यार्थी संघ आणि चाचणीला येणाऱ्या मुलांचे पालक यांच्याकडून आमच्याकडे सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आम्ही स्वतः अशीच एक लहान हौशी संस्था चालवतो आणि १३ ते १८ या वयोगटातील मुलांना घेऊन नाटके बसवतो. काही प्रश्न मुलांनीच विचारलेले आहेत. त्यांची उत्तरे त्यांनाच उद्देशून लिहिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात सापडत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निवड चाचणी घेणे खरोखर आवश्यक आहे का? ओळखीतील मुले घेऊन नाटक बसवता येणार नाही का?

बसवता येईल, आणि अनेक जण तसेच बसवतात. मात्र अशा वेळी गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात आणि सोसायटीच्या कार्यक्रमात जी चार धीट मुले नेहमी पुढे असतात, तीच पुन्हा पुढे येतात. ज्या मुलीने आजवर वर्गात हातसुद्धा वर केलेला नाही, तिला आत येण्यासाठी उघडे असलेले दार म्हणजे चाचणीची जाहीर सूचना. मुंबईत मुलांच्या रंगभूमीची परंपरा जुनी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केले. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि पुढे ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाळा’ या विभागातून त्यांनी मुलांसाठी भरीव काम केले. या परंपरेत काम करायचे असेल, तर मुले शोधण्याचे कष्ट टाळू नयेत असे आमचे ठाम मत आहे.

२. चाचणी वर्षातील कोणत्या महिन्यात ठेवावी?

दोनच काळ सोयीचे ठरतात. पहिला काळ एप्रिलच्या मध्याचा. तोवर दहावीची लेखी परीक्षा संपलेली असते आणि बहुतेक शाळांच्या वार्षिक परीक्षाही आटोपत आलेल्या असतात. या वेळापत्रकातील धोका म्हणजे मे महिना, कारण निवड झालेल्या मुलांपैकी निम्मी मुले कोकणात किंवा घाटावर गावी निघून जातात आणि तालमीला उरलेल्यांनाच दुसऱ्यांचे संवाद म्हणावे लागतात. गावी जाण्याच्या तारखा अर्जातच विचाराव्यात आणि शक्य झाल्यास रेल्वेचे आरक्षण झाले आहे का, हेही विचारावे. आरक्षण झालेले कुटुंब तालमीसाठी थांबत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.

दुसरा काळ शाळा सुरू झाल्यानंतरचा, म्हणजे जूनच्या अखेरीस चाचणी आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग. यात मध्ये गणपती येतात आणि पुन्हा गावी जाणे असते, तरीही तालमींना चार महिने मिळतात. जुलैमधील अतिवृष्टीच्या दिवशी मात्र चाचणी घेऊ नये. पालक मुलाला घरी ठेवण्याचा योग्य निर्णय घेतील आणि त्याची संधी आपल्यामुळे जाईल. पर्यायी तारीख पहिल्या सूचनेतच छापावी.

३. सूचनेत काय काय लिहावे? ‘होतकरू कलाकार हवेत’ एवढे पुरत नाही का?

पुरत नाही. नाटकाचा विषय दोन वाक्यांत, वयाची मर्यादा, चाचणीची तारीख, वेळ आणि पत्ता, तालमींचे वार, प्रयोगाच्या संभाव्य तारखा, मानधन आहे की नाही आणि चाचणीत नेमके काय करायला सांगणार, हे सर्व लिहावे. अनुभवाची अट नसेल तर ‘अनुभव नसला तरी चालेल’ असे शब्द हवेतच. ते वाचूनच बुजरी मुले अर्ज करतात. ‘गोरी’, ‘उंच’, ‘सुंदर’ असे शब्द मुलांच्या नाटकाच्या सूचनेत कधीही येऊ देऊ नयेत. एखाद्या भूमिकेला उंचीचे खरेच कारण असेल, उदाहरणार्थ थोरल्या आणि धाकट्या बहिणीची जोडी असेल, तर ते कारण लिहावे.

चाचणीसाठी शुल्क घेऊ नये. पालकांनीही हे लक्षात ठेवावे की चाचणीआधी नोंदणीचे, छायाचित्रसंचाचे किंवा ‘प्रशिक्षणाचे’ पैसे मागितले जात असतील, तर तेथून परत फिरलेले बरे.

४. चाचणी कोठे घ्यावी? नाट्यगृह परवडत नाही.

नाट्यगृहाची गरज नाही. रविवारी मोकळी असणारी शाळेची सभागृहे, वाचनालयाचे वरचे दालन, समाजमंदिर, यांपैकी काहीही चालते. छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक नाटकाची एक मोठी चळवळ उभी राहिली, तेव्हा जागेच्या साधेपणाची लाज बाळगू नये. जागा रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशी असावी. रविवारी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी पाहून मुलांना कळवावे आणि ब्लॉकमुळे उशिरा आलेल्या मुलाला उशिराबद्दल बोलू नये. स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी आणि बाहेर थांबणाऱ्या पालकांसाठी सावलीत बसायची सोय या तीन गोष्टींची पाहणी आयोजकांनी स्वतः जाऊन करावी.

प्रयोग शिवाजी मंदिर, दीनानाथ किंवा कालिदास यांसारख्या मोठ्या नाट्यगृहात होणार असेल, तर लहान खोलीत गोड वाटलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न उरतो. त्यासाठी चाचणीच्या दिवशीच मुलांना लांब व्हरांड्याच्या किंवा मैदानाच्या दुसऱ्या टोकाशी उभे करून दोन वाक्ये बोलायला लावावीत. ओरडून बोलणे आणि आवाज पोहोचवणे यांतील फरक तेथे लगेच कळतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले ओरडतात. ‘तिकडे उभ्या असलेल्या ताईला गुपित सांग, पण तिला ऐकू गेले पाहिजे’ असे सांगितल्यावर काय होते, ते पाहावे.

५. चाचणीत मुलांकडून नेमके काय करून घ्यावे आणि काय पाहावे?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो. आमचा अनुभव असा की एकेका मुलाला आत बोलावून तीन मिनिटांत बाहेर पाठवण्याची पद्धत या वयासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्या तीन मिनिटांत केवळ भीती किंवा सवयीचा धीटपणा दिसतो. सहा ते आठ मुलांचा गट करावा आणि त्या गटाला दीड ते दोन तास द्यावेत. पहिली वीस मिनिटे खेळांत घालवावीत आणि त्या वेळी कोणीही कागदावर काही लिहू नये.

त्यानंतर संहितेतील एक पान जोडीने वाचायला द्यावे. पहिले वाचन झाले की त्यात कितीही उणिवा असल्या तरी त्यावर मत देऊ नये. एकच साधी सूचना द्यावी आणि तेच पान पुन्हा वाचायला सांगावे. सूचना मुलाला करता येईल अशी असावी. ‘अधिक भावना आण’ ही सूचना नव्हे. ‘तुला लोकल पकडायची आहे आणि आई बोलायचे थांबत नाही’ ही सूचना आहे. दुसरे वाचन पहिल्यापेक्षा चांगले झाले का, हे पाहण्याची गरज नाही. ते वेगळे झाले का, हे पाहावे. ज्याचे दुसरे वाचन बदलते, त्याच्याबरोबर तीन महिने तालीम करता येते. ज्याचे पहिलेच वाचन सफाईदार असते आणि दुसरेही तंतोतंत तसेच असते, त्या मुलाला आणखी एक संधी द्यावी, परंतु त्या सफाईवर भाळून मुख्य भूमिका देऊ नये.

ऐकणे ही पाहण्याची दुसरी गोष्ट. जोडीतील एक मूल बोलत असताना दुसरे काय करते, याकडे परीक्षकांपैकी एकाने केवळ तेवढ्यासाठीच लक्ष ठेवावे. काही मुले समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत स्वतःचे वाक्य ओठांवर धरून उभी असतात. काहींचा चेहरा समोरच्याच्या शब्दाशब्दाला बदलतो. रंगमंचावर दोन तासांपैकी बहुतांश वेळ नट ऐकतच असतो. हे ऐकणे तपासण्यासाठी आम्ही एक सोपा प्रसंग देतो: दोघे बेस्टच्या थांब्यावर उभे आहेत, एकाला दुसऱ्यापासून काहीतरी लपवायचे आहे आणि पाच मिनिटांत दोघांनी मिळून दहापेक्षा अधिक वाक्ये बोलायची नाहीत. शब्द कमी केले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात.

शेवटी सर्व गटाला मिळून एक काम द्यावे, उदाहरणार्थ दोन बाके आणि एक ओढणी यांपासून होडी तयार करणे. कोण सर्वांना ढकलून पुढे येतो, कोण मागे राहिलेल्या मुलाच्या हातात ओढणीचे टोक देतो, हे तेव्हा आपोआप दिसते.

६. अनेक मुले पाठ केलेले स्वगत घेऊन येतात. ते ऐकावे की नाही?

ऐकावे, कारण त्यामागे मुलाची मेहनत असते आणि ते न ऐकणे म्हणजे त्या मेहनतीचा अपमान करणे होय. मात्र त्यावरून निवड करू नये. बहुतेक स्वगते शिबिरात किंवा घरी कोणीतरी हातवाऱ्यांसह बसवून दिलेली असतात आणि आपल्याला त्यांत बसवणाऱ्याचे काम दिसते. स्वगत संपल्यावर ‘हेच आता खाली बसून, तुझ्या मित्राला सांगत आहेस असे सांग’ असे म्हणावे. तेव्हा जे शिल्लक राहते ते मुलाचे स्वतःचे असते.

७. मी इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी नीट बोलते, पण वाचताना अडखळते. मी चाचणीला यावे का?

अवश्य यावे. वाचनाचा वेग आणि अभिनय यांचा थेट संबंध नाही. आम्ही वाचनाचे पान दोन दिवस आधी पाठवतो. तुझ्या संस्थेने पाठवले नसेल तर निःसंकोच मागून घे. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोर मोठ्याने वाच आणि ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च यांतील फरक त्यांच्याकडून ऐकून घे. तीच गोष्ट ‘जर’ आणि ‘जय’ यांची, तसेच ळ आणि ण यांची. हे उच्चार तालमीत सुधारतात, त्यामुळे चाचणीच्या दिवशी त्यांची धास्ती घेऊ नकोस.

दिग्दर्शकांसाठी एक सूचना येथेच देतो. संहिता देवनागरी वाचता न येणाऱ्या मुलाला तोंडी सांगावी आणि त्याच्याकडून वाक्ये म्हणून घ्यावीत. वाचनदोष असलेल्या मुलांसाठीही हाच मार्ग उपयोगी पडतो आणि त्यासाठी त्यांना सर्वांसमोर कारण सांगायला लावू नये.

८. मुलगा आगरी किंवा मालवणी बोलतो आणि नाटक प्रमाण मराठीत आहे. त्याचे गुण कमी करावेत का?

करू नयेत. बोली हा दोष नाही, आणि परीक्षकाच्या चेहऱ्यावर हसू उमटले तरी ते मुलाला कळते. प्रथम त्याला त्याच्या बोलीत प्रसंग करू द्यावा. तेथे त्याची लय आणि विनोदाची जाण खरी दिसेल. नंतर तोच प्रसंग प्रमाण भाषेत करायला सांगावा. दोन्हींमध्ये ये-जा करता येणे हे नटाचे मोठे भांडवल आहे. अनेकदा असे झाले आहे की त्या मुलाचे बोलणे ऐकून आम्ही पात्राचीच भाषा बदलली. अर्थात असा बदल नाटककाराच्या परवानगीनेच करावा.

९. माझा आवाज सध्या फुटतो आहे. गाण्याची भूमिका मागू का?

आवाज फुटणे म्हणजे स्वरयंत्र वाढते आहे आणि स्वरतंतू लांब व जाड होत आहेत. हा काळ काही महिने चालतो आणि त्यात बोलता बोलता आवाज वर-खाली निसटतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चाचणीत ते मोकळेपणाने सांग. घसा आवळून जुन्या उंच पट्टीत गाण्याचा प्रयत्न मात्र करू नकोस. त्याने घसा दुखावतो. दिग्दर्शकांनी अशा मुलाला गाणे द्यायचे असेल तर पट्टी शेवटच्या पंधरवड्यात निश्चित करावी आणि गाणे समूहाचे करता येईल का, तेही पाहावे. मुलींचा आवाजही या वयात थोडा बदलतो, एवढेच की तो बदल कानाला चटकन जाणवत नाही.

१०. चाचणी सुरू असताना आम्ही पालक आत बसू शकतो का?

आत बसू नये, अशी आमची विनंती असते, कारण मूल प्रत्येक वाक्यानंतर आईच्या चेहऱ्याकडे पाहते. परंतु ही विनंती करण्याचा अधिकार संस्थेला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा ती काही गोष्टी पाळते. खोलीत नेहमी किमान दोन प्रौढ असावेत आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. दार उघडे असावे किंवा त्याला काच असावी. कोणत्याही प्रौढाने कोणत्याही मुलाला एकट्याने दुसऱ्या खोलीत, गाडीत किंवा घरी बोलावू नये. ‘खास तालीम’ हे त्याचे कारण होऊ शकत नाही. मुलांशी संपर्क पालकांच्या क्रमांकावरून किंवा पालक ज्यात आहेत अशा गटातूनच व्हावा. चाचणीत कपडे बदलायला लावू नये आणि स्पर्श करून शारीरिक हालचाल शिकवू नये. यांपैकी एक जरी गोष्ट मोडलेली दिसली, तर पालकांनी मुलाला घेऊन निघावे.

११. चाचणीची चित्रफीत काढावी का? पहिली फेरी फोनवर पाठवलेल्या चित्रफितीवर घेतली तर?

पहिली फेरी चित्रफितीवर घेऊ नये, असे आमचे मत आहे. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आणि चांगला फोन आहे तो त्यात पुढे जातो आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांसह राहणारा मुलगा मागे पडतो. प्रश्न ५ मध्ये सांगितलेले ऐकणे चित्रफितीत दिसतही नाही.

प्रत्यक्ष चाचणीचे चित्रण स्मरणासाठी उपयोगी पडते, पण त्यासाठी पालकांची लेखी संमती हवी. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा करतो. चित्रण संस्थेच्या एकाच यंत्रावर ठेवावे, निवड जाहीर झाल्यावर पुसून टाकावे आणि पुसण्याची तारीख अर्जावर छापावी. निवड न झालेल्या मुलाचे चित्रण समाजमाध्यमावर टाकणे हा अक्षम्य प्रकार आहे.

१२. मुलांना नाटकात घेण्यासाठी कायदेशीर परवानगी लागते का?

याचे उत्तर वयावर अवलंबून आहे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा १९८६ चा आहे आणि त्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार १४ वर्षे पूर्ण न झालेले मूल ‘बालक’ आणि १४ ते १८ मधील ‘किशोरवयीन’ ठरते.

बालकाला कलाकार म्हणून काम करण्याची मुभा आहे, पण अटींसह: दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नको, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक नको, शाळा बुडू नये, पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती असावी, मिळकतीच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जावी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. मुंबईत दोन महसुली जिल्हे आहेत, हे येथे विसरले जाते. दादर, माटुंगा, गिरगाव येथील प्रयोगासाठी मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालय, तर विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड येथील प्रयोगासाठी वांद्रे पूर्व येथील मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय. मूल कोठे राहते यावर हे ठरत नाही, प्रयोग कोठे होतो यावर ठरते.

किशोरवयीनांच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. ‘१४ पूर्ण झाले, आता काही बंधन नाही’ असे समजले जाते. प्रत्यक्षात कायद्यातील ‘आस्थापना’ या शब्दाच्या व्याख्येत नाट्यगृहाचाही समावेश आहे आणि आस्थापनेत किशोरवयीनांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम करू देता येत नाही. तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती द्यावी लागते आणि वाट पाहण्याचा वेळ धरून एकूण कालावधी सहा तासांपेक्षा अधिक असता कामा नये. तिकीट लावून मानधन देणार असाल, तर तारीख घेण्याआधी कामगार विभागाकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे. आम्ही मानधन न देणाऱ्या हौशी प्रयोगांनाही हीच शिस्त लावतो: दुपारचा प्रयोग आणि सातच्या आत मुले घराच्या वाटेवर. रंगभूषेसाठी सकाळी आठपासून बसवलेले मूल दुपारी चारच्या प्रयोगात काय करू शकेल, याचा विचार केला तरी सहा तासांचे बंधन जाचक वाटत नाही.

यांखेरीज प्रौढांच्या नाटकाप्रमाणेच संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाचे) प्रमाणपत्र आणि नाटककाराची परवानगी हवी.

१३. चाचणीत एखादे मूल गप्प झाले किंवा रडू लागले तर काय करावे?

चाचणी थांबवावी, पण सर्वांचे लक्ष त्याच्याकडे वळवू नये. पाणी देऊन शेजारी बसवावे आणि पुढच्या गटात पुन्हा यायचे आहे का, असे हळूच विचारावे. नको म्हणाले तर आग्रह नको. त्याच दिवशी दिलेली दुसरी संधी अनेकदा पहिल्यापेक्षा पूर्णपणे वेगळे मूल समोर आणते. अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. पाठ केलेले संवाद किंवा गाणे म्हणताना त्यांतील अनेकांचे अडखळणे कमी होते, त्यामुळे केवळ गप्पांवरून निष्कर्ष काढू नये.

१४. तीस मुली आणि पाच मुलगे आले. संहितेत पुरुष पात्रे अधिक आहेत. काय करावे?

आमच्याकडेही बहुतेक वेळा असेच होते. प्रथम संहिता पुन्हा वाचावी: शेजारी, दुकानदार, शिक्षक, पोलीस या पात्रांना पुरुषच असण्याचे कारण आहे का? नसेल तर नाटककाराला विचारून पात्र बदलावे. ते शक्य नसेल तर मुलींनी पुरुष भूमिका कराव्यात, मात्र मिशी लावून आवाज जाड करण्याची हौस टाळावी. केवळ मुलगे कमी आहेत म्हणून पाचही जणांना मुख्य भूमिका देणे हा त्या तीस मुलींवर अन्याय आहे.

१५. दिग्दर्शकाची पुतणी चाचणीला येणार आहे. तिला मनाई करावी का?

मनाई करू नये. नात्याची शिक्षा तिला का? ती ज्या गटात आहे त्या गटाच्या वेळी दिग्दर्शकाने बाहेर जावे, तिच्याविषयी आणि तिने मागितलेल्या भूमिकेविषयी अन्य परीक्षकांनी निर्णय घ्यावा आणि परीक्षकांत संस्थेबाहेरची एक तरी व्यक्ती असावी. हा नियम चाचणीपूर्वीच सर्व पालकांना सांगावा. देणगीदारांच्या मुलांनाही तोच नियम लागू होतो. एका वर्षी जागा देणाऱ्या एका गृहस्थांनी मुलासाठी शब्द टाकला होता. आम्ही नकार दिला, जागा गेली आणि त्या वर्षीच्या तालमी एका सभासदाच्या गच्चीवर झाल्या.

१६. निवड न झालेल्या मुलांना कसे कळवावे?

सर्वांना, शक्यतो निकालाच्याच दिवशी आणि स्वतंत्रपणे. केवळ निवड झालेल्यांची यादी गटावर टाकून बाकीच्यांनी समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. चौदा वर्षांची मुलगी ती यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचते, आपले नाव सुटले असेल या आशेने. चाचणीला साठ मुले आली असतील तर साठ फोन करावे लागतील. चौघांनी वाटून घेतले तर दोन संध्याकाळी पुरतात. एका संध्याकाळी सर्व फोन होणार नसतील तर निकाल दुसऱ्या दिवशी कळेल असे आधीच सांगावे, म्हणजे कोणी फोनकडे पाहत बसणार नाही.

काय सांगावे? प्रथम स्पष्ट शब्दांत, की या नाटकात भूमिका देता येत नाही. ‘पाहू’, ‘नंतर कळवू’ असे मोघम शब्द वापरू नयेत. त्यानंतर त्या मुलाने चाचणीत केलेल्या एका विशिष्ट गोष्टीचा उल्लेख करावा: ‘थांब्याच्या प्रसंगात तू छत्री मिटताना थांबलीस, ते आम्हाला लक्षात राहिले.’ त्यासाठी परीक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल असे एक निरीक्षण चाचणीच्या दिवशीच लिहून ठेवायला हवे, आणि ते लिहिता येत नसेल तर त्या मुलाकडे आपण नीट पाहिलेले नाही असे समजावे. दिसण्यावरून किंवा इतर मुलांशी तुलना करून कोणतेही कारण देऊ नये. पालकांनी गुणपत्रिका मागितली तर ती दाखवू नये. मात्र मूल स्वतः ‘मी काय सुधारू?’ असे विचारत असेल, तर त्याला पंधरा मिनिटे अवश्य द्यावीत.

ज्यांना आवड आहे त्यांना नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांच्या मदतीला बोलवावे, परंतु हे बक्षीस म्हणून पुढे करू नये. काहींना ते खरेच हवे असते. काहींना केवळ रंगमंचावर उभे राहायचे होते आणि त्यांना थोडे दिवस एकटे सोडावे.

१७. मुलीची निवड झाली आहे, पण ती यंदा दहावीला आहे. तिने नाटक सोडावे का?

निर्णय तिचा आणि तुमचा आहे. संस्थेने सर्व तारखा लेखी द्याव्यात, म्हणजे चर्चा अंदाजावर न होता वेळापत्रकावर होईल. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग असेल तर बहुतेक मुलींना तो पेलतो. जानेवारीनंतरचा प्रयोग दहावी-बारावीच्या मुलांना देऊ नये, असा आमचा नियम आहे. ‘पहिल्या चाचणीत ८५ टक्के मिळाले तरच नाटक’ अशी अट मात्र घालू नये. त्या अटीमुळे तिच्याबरोबर आणखी बारा मुले टांगणीला लागतात. अशा भूमिकांसाठी सुरुवातीपासून दोन मुलांना तयार करावे आणि दोघांचेही प्रयोग आधीच ठरवावेत. ऐन वेळी बदली म्हणून कोणालाही उभे करू नये.

१८. पालकांना हौस आहे, मुलाला नाही, हे चाचणीत जाणवले तर?

अर्जात एक रकाना मुलाने स्वतःच्या हाताने भरायचा ठेवावा: ‘मला या नाटकात काम का करायचे आहे?’ रिकामा रकाना किंवा आईच्या अक्षरातील उत्तर पुरेसे बोलके असते. बालकाला त्याच्या इच्छेविरुद्ध सहभागी करू नये, असे प्रश्न १२ मधील नियमांतही आहे. पालक बाहेर असताना मुलाला विचारावे आणि ते नको म्हणाले तर ‘या भूमिकेसाठी निवड झालेली नाही’ एवढेच पालकांना कळवावे. मुलाने काय सांगितले ते आपल्यापाशी ठेवावे.

१९. नाटकात हिंसेचा किंवा प्रेमाचा प्रसंग आहे. चाचणीत तो करून घ्यावा का?

घेऊ नये. तो प्रसंग नाटकात आहे हे सूचनेत आणि अर्जावर आधी सांगावे, संहितेचे ते पान पालक व मूल दोघांना वाचायला द्यावे आणि चाचणीसाठी दुसरेच पान निवडावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना अनोळखी जोडीदाराचा हात धरून प्रेमाचे संवाद म्हणायला लावण्याने अभिनय दिसत नाही, संकोच दिसतो.

२०. चाचणीतील उत्स्फूर्त प्रसंगात एका मुलीने घरातील छळाबद्दल सांगितले. तो अभिनय होता की खरे, हे कळत नाही.

गटासमोर त्याची चौकशी करू नये आणि ‘किती खरे वाटले!’ असे कौतुकही करू नये. प्रसंग संपल्यावर दोन प्रौढांपैकी तिला जवळची वाटणाऱ्या व्यक्तीने, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, ती ठीक आहे का एवढे विचारावे. ती बोलू लागली तर ऐकावे, तपशील खोदून काढू नयेत आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. इतर कोणत्याही छळाच्या बाबतीत १०९८ या बालक मदतवाहिनीवर फोन करावा. तिच्या निवडीचा निर्णय या प्रसंगापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा.

२१. दोन आठवड्यांच्या तालमीनंतर वाटते की मुख्य भूमिकेची निवड चुकली. मूल बदलावे का?

प्रथम एक महिना बदलू नये. या वयात दोन आठवड्यांत न सुटलेली गाठ पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी सुटते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. त्या काळात चाचणीच्या वेळचे निरीक्षण (प्रश्न १६) काढून पुन्हा वाचावे: त्या दिवशी या मुलात आपल्याला काय दिसले होते आणि तालमीत ते कशामुळे झाकले गेले? अनेकदा कारण आपल्या बसवण्यात सापडते. आपण हालचाली इतक्या घट्ट बांधतो की मूल समोरच्याचे ऐकणे सोडून पावले मोजू लागते. हालचाली सोडवाव्यात, थांब्याचा प्रसंग पुन्हा खेळावा, जोडीदार एक दिवस बदलून पाहावा.

महिन्यानंतरही बदल अटळ वाटला, तर तो दिग्दर्शकाने स्वतः, पालकांच्या उपस्थितीत आणि इतर मुलांना कळण्यापूर्वी मुलाला सांगावा. चूक निवडणाऱ्यांची होती, हे त्याच वाक्यात म्हणावे. त्याला दुसरी भूमिका हवी आहे का, हे विचारून उत्तरासाठी दोन दिवस द्यावेत. त्या दोन दिवसांत नव्या मुलाला तालमीला बोलावू नये.